आजोबांचं वेस्ट एंड घड्याळ: ओळखायचं कसं आणि किंमत किती धरायची

ताई, सगळ्यात आधी एकच काम करा. घड्याळ अजून त्या दुकानात री-डायलला, म्हणजे डायल घासून नव्याने रंगवायला, दिलं नसेल तर देऊ नका, आणि दिलं असेल तर आजच फोन करून थांबवा. बाकी सगळं निवांत वाचलंत तरी चालेल.

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. आजोबा फौजेत होते, रिटायर होऊन सातारा जिल्ह्यात गावी आले, आता घराच्या वाटण्या होताना ट्रंकेत दोन घड्याळं निघाली. एक आजोबांचं, स्टीलचं, क्रीम डायल, वर वेस्ट एंड वॉच कंपनी, खाली सोवार प्रायमा, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा काटा आणि आकड्यांवर हिरवटसर तपकिरी पडलेलं रेडियम, म्हणजे अंधारात चमकायला लावलेला जुना रंग. दुसरं वडिलांचं एचएमटी कांचन. दुकानदार म्हणाला डायल गेलीय, नवीन करून चकाचक देतो, नाहीतर आहे तसं २ हजाराला घेतो. भाऊ म्हणतोय नेटवर असंच घड्याळ ८५ हजाराला आहे. आणि तुम्हाला वाटणीत धरायला एक खरा आकडा पाहिजे.

मी दुरुस्ती पण करतो आणि जुन्या घड्याळांची पारख पण, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो. आपल्याकडच्या जुन्या घड्याळात डायल वाचून निकाल द्यायचा नसतो. डायल रंगवता येते, काटे दुसरे बसवता येतात, केस, म्हणजे बाहेरची बॉडी, बफ मारून नव्यासारखी होते, वर कुठलंही नाव छापून मिळतं. खोटं करायला सगळ्यात अवघड म्हणजे आतलं मशीन, म्हणून घड्याळ ओळखायचं ते मागचं झाकण उघडूनच. त्याआधी कोणी किंमत सांगत असेल तर तो अंदाज आहे, मग तो दुकानदार असो नाहीतर तुमचे बंधू.

वेस्ट एंडबद्दल थोडं सांगतो कारण ही कंपनी आपल्या मुंबईचीच म्हणायला हरकत नाही. १८८६ साली मुंबईत ती सुरू झाली, माल स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिए भागातून यायचा, जुन्या खिशातल्या घड्याळांच्या डायलवर तर मुंबई आणि कलकत्ता अशी दोन्ही शहरांची नावं छापलेली असतात. सुरुवातीच्या बऱ्याच घड्याळांत लॉन्जिन्सची मशीनं आहेत. फौज, रेल्वे, पोस्ट, पोलीस, या लोकांच्या मनगटावर हे नाव पिढ्यानपिढ्या होतं आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या आपल्या शिपायांकडे पण ही घड्याळं होती. सोवार प्रायमा हे त्यांचं सगळ्यात चाललेलं मॉडेल. म्हणजे तुमच्या आजोबांकडे हे असणं अगदी बरोबर बसतं, पण म्हणूनच ते दुर्मीळ नाही. भरपूर विकलं गेलंय. दुर्मीळ झालंय ते न छेडलेलं, मूळ डायल असलेलं सोवार प्रायमा.

आता तुमच्या त्या डागाकडे येतो, कारण प्रश्नातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. तुम्ही लिहिलंय की काटे फिरवल्यावर डायलवर दोन तपकिरी पट्टे दिसले, एक चारच्या थोडा पुढे आणि एक दोनच्या जवळ, दुकानदार म्हणाला हा गंज आहे. मी फोटो मोठा करून बघितला. गंज असता तर ठिपके-ठिपके दिसले असते, कडा फुटक्या असत्या आणि बहुतेक वेळा तो डायलच्या कडेने किंवा मधल्या भोकापासून सुरू होतो कारण पाणी तिथूनच शिरतं. तुमचे दोन्ही पट्टे काट्यांसारखे मधून बाहेरच्या दिशेला सरळ जातात, एक आखूड आणि एक लांब, आणि त्यांचा आकार काट्याच्या मधल्या फुगीर भागाशी जुळतो. तो गंज नाही, रेडियमने डायल भाजलीय. ट्रंकेत घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर बंद पडलं, कोणी चावी दिली नाही, काटे वर्षानुवर्षं एकाच जागी राहिले आणि काट्यातल्या रेडियमने खालचा रंग हळूहळू करपवला.

याचा अर्थ बघा. काट्यात खरं रेडियम आहे, म्हणजे काटे जुने आहेत. डाग या डायलवर आणि याच काट्यांच्या मापाचा आहे, म्हणजे डायल आणि काटे फार वर्षांपासून एकत्र आहेत. नव्या री-डायलवर असा डाग येऊच शकत नाही, त्याला बरीच वर्षं जावी लागतात. जो डाग पुसून टाकायला निघाले होते तोच तुमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. एकदा डायल घासून पुन्हा छापली की तो गेला, आणि तो परत आणता येत नाही.

रेडियमचा विषय निघालाच आहे तर काळजीचं पण सांगतो. अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं असं लोकांना वाटतं, तसं नसतं. चमक देणारा जो दुसरा पदार्थ त्यात मिसळलेला असतो तो थकतो. रेडियम निम्मं व्हायलाच साधारण १६०० वर्षं लागतात, त्यामुळे तुमच्या घड्याळातलं जवळजवळ सगळं तसंच आहे. काच बसलेली आहे तोवर घाबरून जायचं काही कारण नाही पण काच काढून आकड्यांवर नख किंवा ब्रश अजिबात मारायचा नाही, ती पावडर नाकातोंडात जाणं हाच खरा धोका. उशीजवळ ठेवू नका, लहान मुलांच्या हातात देऊ नका, बंद डब्यात किंवा बंद कपाटात ठेवण्यापेक्षा जरा हवा खेळेल अशा जागी ठेवा. आणि उघडणाऱ्या कारागिराला आधीच सांगा की यात रेडियम आहे. १९६० च्या दशकात कंपन्या रेडियम सोडून ट्रिटियम या चमक आणणाऱ्या दुसऱ्या पदार्थावर आल्या, मग डायलच्या तळाशी स्विस मेडच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी टी अक्षर दिसायला लागलं. तुमच्या डायलवर ते टी नाहीत, म्हणजे तुमचं घड्याळ बहुधा १९६० च्या आतलं.

आता झाकण. घरी चाकूने उघडायचा प्रयत्न करू नका, चाकू सटकून झाकणावर पडलेला ओरखडा मी रोज बघतो. कडेला छोटी खाच असेल तर ते दाबाचं झाकण, आणि कडेला चौकोनी खाचा किंवा सपाट पैलू असतील तर आट्याचं, त्याला वेगळी चावी लागते. तुमच्या गावापासून सातारा किंवा पुणे गाठा, चावीची घड्याळं उघडणारा जुना कारागीर शोधा, आणि त्याला एवढंच सांगा की फक्त उघडून फोटो काढायचेत, काही साफ करायचं नाही. समोर उभं राहून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

उघडल्यावर काय बघायचं. पहिलं झाकणाची आतली बाजू. तिथे नंबर असेल, कदाचित वेस्ट एंडचं नाव असेल, आणि फ्रेंचमध्ये काही अक्षरं असतील. बरेच लोक मला विचारतात की आसिए इनॉक्सिदाब्ल ही कुठली कंपनी. ते फक्त स्टेनलेस स्टील आहे. त्याच्या आधी फाँ असा शब्द असेल तर मात्र नीट वाचा, म्हणजे फक्त मागचं झाकण स्टीलचं आणि पुढची केस पितळेवर निकेल किंवा क्रोम मारलेली. लग्सच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या शिंगांच्या, मागच्या कोपऱ्यांवर पिवळट दिसायला लागलं असेल तर ती खूण तीच, आणि अख्ख्या स्टीलच्या घड्याळापेक्षा याची किंमत बऱ्यापैकी खाली येते. तसंच इन्काब्लॉक (धक्क्यापासून वाचवणारी सोय), अँटिमॅग्नेटिक, १५ रुबी, यातलं काहीच घड्याळाच्या कंपनीचं नाव नाही.

झाकणाच्या आतच टोकदार वस्तूने कोरलेली बारीक अक्षरं पण दिसतील. ते आधीच्या कारागिरांचं आहे. प्रत्येकाची आपली खूण, कधी तारीख, कधी पावतीचा नंबर. ३-४ वेगवेगळ्या हातांच्या खुणा असल्या तर समजा आजोबांनी घड्याळ वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करून वापरलंय. या खुणा घासू देऊ नका, साल ठरवायला त्यांचा फार उपयोग होतो.

मग मशीन. वेस्ट एंड स्वतः मशीन बनवत नव्हती, तशा बहुतेक स्विस कंपन्या बनवत नव्हत्याच, ए. शिल्ड, एफएचएफ, युनिटास अशा कारखान्यांतून कच्ची मशीनं घ्यायच्या आणि वर आपलं नाव कोरायच्या. त्यामुळे वरच्या ब्रिजवर, म्हणजे चाकांवरच्या पट्टीवर, वेस्ट एंड कोरलेलं असलं तर उत्तमच, पण खरा नंबर लपलेला असतो बॅलन्सच्या, म्हणजे पुढे-मागे झुलणाऱ्या, चाकाखाली. भिंग लावून, उजेड तिरका पाडून, बॅलन्सच्या कडेखाली प्लेटवर बघायचं. तिथे कारखान्याची छोटीशी खूण, जसं ढालीत ए आणि एस, आणि शेजारी ३-४ आकडे असतात. त्या आकड्यांवरून मशीन कोणत्या काळात बनायचं हे निघतं. बॅलन्सच्या मधल्या ज्वेलवर, म्हणजे चाकाचं टोक टेकतं त्या छोट्या माणकावर, वीणेच्या आकाराची बारीक सोनेरी स्प्रिंग असेल तर ते इन्काब्लॉक, ते १९३० च्या दशकात आलं, म्हणजे घड्याळ त्याच्या आधीचं नाही. साधारणपणे १५ ज्वेल्स म्हणजे जुना काळ आणि १७ ज्वेल्स म्हणजे नंतरचा. ओमेगाचं साल मशीनवरच्या सिरीयल नंबरावरून काढतात, दीड कोटीच्या आसपासचा नंबर असेल तर १९५० च्या दशकाचा मधला काळ. लॉन्जिन्सकडे तर सेंट-इमिएला हाताने लिहिलेली जुनी रजिस्टरं जपलेली आहेत, नंबर कळवला की ते घड्याळ कधी आणि कुणाला पाठवलं ते बघून सांगतात. वेस्ट एंडच्या बाबतीत मी नंबरावर जात नाही. मशीन, केस, रेडियम आणि कारागिरांच्या खुणा, या चार गोष्टी एकमेकांशी जुळतात का ते बघतो. जुळल्या की साल १० वर्षांच्या आत पक्कं होतं, आणि किंमत धरायला तेवढं पुरतं.

फौजेचं म्हणून एक वेगळी गोष्ट. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला बाणाची खूण आणि नंबर असेल तर ते सरकारी इश्यूचं, म्हणजे सरकारने दिलेलं घड्याळ, त्याचे संग्राहक वेगळे आणि भाव पण वेगळा. नुसतं आजोबांचं नाव किंवा नंबर कोरलेला असेल तर त्यांनी स्वतः विकत घेतलेलं. तुमच्या फोटोत झाकण इतकं मळलंय की मला काही दिसत नाही. मऊ सुती फडकं जरा ओलं करून हलक्या हाताने पुसा, ब्रासो, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यातलं काही नको, आणि तिरक्या उजेडात पुन्हा फोटो काढा. कोरीव काम घासून पुसट झालं की बाणाची खूण पहिली जाते.

चालत नाही म्हणालात त्याबद्दल. चावी देताना घट्ट लागतेय आणि तरी चालत नाही, यावर घरोघरी एकच निदान असतं की कोणीतरी जास्त चावी दिली म्हणून अडकलं. जास्त चावी दिल्याने घड्याळ बंद पडत नाही. स्प्रिंग पूर्ण भरलीय पण आतलं तेल वाळून चिकट झालंय म्हणून चाकं फिरत नाहीत, एवढंच आहे. साफसफाई आणि ऑइलिंग केलं की ९० टक्के वेळा चालू होतं, हजार ते अडीच हजारात काम होतं. हलवून, ठोकून, गरम करून चालू करू नका. वाळलेल्या तेलात घड्याळ जबरदस्तीने चालवलं की पिव्हट, म्हणजे चाकांच्या दांड्यांची बारीक टोकं, झिजतात. चावी नुसतीच फिरत राहिली असती तर मी स्प्रिंग तुटली म्हणालो असतो, ती पण बदलता येते.

री-डायल ओळखायचं कसं हे पण विचारलंत, तर भिंगातून अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाई बारीक आणि कोरीव, अक्षरांच्या टोकांपर्यंत शाई एकसारखी. री-डायलमध्ये अक्षरं जरा जाडी, दोन अक्षरांमधलं अंतर वेडंवाकडं, मिनिटांच्या रेघा कुठे पोचल्यात कुठे नाहीत, छोट्या सेकंदाच्या गोलात रंग साचलेला, आणि तळाचं स्विस मेड एकतर गायब नाहीतर अर्धं केसखाली गेलेलं. डायलच्या अगदी कडेला एक लहान खाच असेल तर ती बहुतेक वेळा री-डायल करताना केलेली असते. आपल्याकडे याचे सगळ्यात जास्त बळी म्हणजे फाव्र-लेउबा सी किंग, सी चीफ आणि सेइको ५. नारिंगी, पोपटी, लाल डायलचं जुनं सेइको ५ स्वस्तात दिसलं की ते बहुतेक वेळा मुंबईत रंगवलेलंच असतं, बाहेरच्या देशात त्याला मुंबई स्पेशल म्हणतात आणि संग्राहक तिकडे फिरकत नाहीत. आणि वर ओमेगाची डायल, आत भलतंच मशीन, अशी तर ढिगाने आहेत, चोर बाजारात गेलात तर एका टेबलावर दहा दिसतील.

आता पैशाचं. भावाने बघितलेले ८५ हजार हे कोणीतरी मागितलेले पैसे आहेत, मिळालेले नाहीत. मागायला कोण अडवतंय. ईबेवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या दाखवायची सोय आहे, तिथे सोवार प्रायमा शोधा आणि फक्त झालेले सौदे बघा, त्यात पण डायल मूळ की रंगवलेली हे वेगळं करा. माझ्या हातून आणि माझ्यासमोर झालेल्या व्यवहारांवरून सांगतो: री-डायल केलेलं, चालू सोवार प्रायमा २ ते ३ हजार. मूळ डायल, वेस्ट एंड कोरलेलं मशीन, अख्खी स्टील केस आणि सर्व्हिसिंग झालेलं असेल तर ५ ते १० हजार. बाणाची खूण निघाली आणि बाकी सगळं जुळलं तर याच्या दुप्पट-तिप्पट मागायला हरकत नाही, फक्त योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायची तयारी पाहिजे. तुमचा दुकानदार २ हजार म्हणाला तो लुटत नाहीये, बंद घड्याळ घेऊन त्यात सर्व्हिसिंग घालून तो महिनोन्‌महिने ठेवणार, व्यापाऱ्याचा भाव असाच असतो. माझा राग त्याच्या री-डायलच्या सल्ल्यावर आहे. हजार रुपये तुमच्याकडूनच घेऊन त्याने घड्याळाची किंमत निम्म्यावर आणली असती. चांगल्या हेतूने रोज शेकडो डायल अशा मरतायत आणि मूळ डायल आता कुठे छापून येणार आहेत.

वडिलांच्या कांचनचं थोडक्यात. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरूला घड्याळं सुरू केली, कांचन हे ऑटोमॅटिक, २१ ज्वेल्स, आणि एका काळी लग्नात जावयाला द्यायचं मानाचं घड्याळ. २०१६ मध्ये सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतल्यावर भाव जरा वर गेले आणि त्याबरोबर सुट्या पार्टमधून जुळवलेली एचएमटी पण बाजारात आली. तुमचं घरातलंच आहे, एका माणसाने वापरलेलं, त्यामुळे ती शंका नाही. चालू, मूळ डायल, मूळ चेन असेल तर दीड ते चार हजार धरा. चेन काढून नवीन पट्टा लावला तर जुनी चेन फेकू नका, ती सोबत असली की फरक पडतो.

तुमच्याकडे नाही पण वाटणीत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला सोन्याचं घड्याळ आलं असेल तर ते थेट सराफाकडे नेऊ नका. आधी केसच्या आत शिक्के बघायचे, जुन्या स्विस १८ कॅरेटवर बाईचा चेहरा आणि ७५०, १४ कॅरेटवर खार आणि ५८५. मायक्रॉन असं लिहिलं असेल तर ते प्लेटिंग आहे, सोनं नाही. सराफ फक्त केसच्या सोन्याचं वजन धरतो आणि मशीन काढून हातात देतो. चांगल्या कंपनीची किती सोन्याची घड्याळं अशी वितळली याचा हिशोब नाही.

वाटणीत आकडा धरायचाच असेल तर दोन्ही घड्याळांचे मिळून आत्ता ८ हजार धरा, बाणाची खूण निघाली तर पुन्हा बसून ठरवा. आकड्यावरून भावंडांत वाद व्हावा इतकी ही रक्कम नाही, म्हणून माझं मत विचाराल तर ज्याला ते घालायचंय त्याने ठेवावं. आणि ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे आजोबांचं डिस्चार्ज बुक, ते घड्याळ मनगटावर असलेला एखादा फोटो, जुनी पावती असेल तर ती, हे सगळं घड्याळाबरोबरच द्या. पुढे कधी विकायची वेळ आलीच तर कागदांसकट असलेल्या घड्याळाला माणूस वेगळ्या नजरेने बघतो, आणि विकायचं नसेल तरी नातवंडांना कळेल कोणाचं होतं.

मला पुढे सांगायला चार फोटो लागतील: झाकणाची बाहेरची बाजू, आतली बाजू, पूर्ण मशीन समोरून, आणि बॅलन्सच्या चाकाखालचा भाग जितका जवळून येईल तितका. मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे कारागिराचं भिंग धरलं की शेवटचा फोटो नीट येतो, फ्लॅश बंद ठेवा, खिडकीजवळ काढा. बॅलन्सखालचा नंबर दिसला की मशीनचं नाव आणि साधारण साल सांगतो, आणि सर्व्हिसिंगला काय सांगायचं, काय करू द्यायचं नाही, ते पण लिहून देतो.